लग्नपत्रिकांवरून बेतलेली गाडी

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात ज्यांना घाई म्हणून कधी शिवली नाही असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके माझे चुलतसासरे निघावेत, हे माझं नशीब. आम्ही त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर बसच्या बॉडीचं पत्राकाम करून ते निवृत्त झाले आणि बेंबळीच्या घरामागं शेडमध्ये वडिलांची जुनी अँबॅसिडर घेऊन बसले. गंजलेला पत्रा कापायचा आणि तिथं नवा जोडायचा, हे नऊ वर्षं चाललं. मूळ गाडीपैकी टप आणि हॉर्न तेवढा उरला, बाकी सगळं ठिगळ. पण काका तिला "आबांची गाडी"च म्हणतात आणि हसणाऱ्याला चहा विचारत नाहीत.

ठिगळ बसवायची त्यांची रीत अशी. एका कोपऱ्यात वेल्डिंगचा एक टाका मारायचा, काळी काच कपाळावर सरकवायची आणि स्टुलावर बसून राहायचं. पत्रा थंड झाला की समोरच्या कोपऱ्यात दुसरा टाका. "एका दमात वढलं की पत्रा तापतो, जावईबापू, अन् तापला की वाकतो." बोलणंही तसंच. एकदा सकाळी फोन आला, "पोरगी शाळंत जाती का?" मी हो म्हणेपर्यंत बंद. दुपारी, "कितवीला?" संध्याकाळी, "बरं." ही चौकशी एका दिवसात उरकली म्हणून आमच्या घरात काळजीचं वातावरण होतं. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा हेच गृहस्थ बाहेर जाऊन माझ्या स्कूटरच्या मडगार्डावर बोटानं टकटक करून आले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "पोरगा बरा दिसतो. गाडीच्या भोकात पुटीन भरून वरून रंग मारलाय." माझं लग्न त्या पुटीनवर आठ दिवस अडलं.

पण कळस म्हणजे लग्नपत्रिका. पत्रा कापण्याआधी कागदाचं माप लागतं, आणि काकांच्या मते त्याला पत्रिकेसारखा कागद नाही. पत्रिका आली की ते तिची पाठची कोरी बाजू बघतात, अंगठ्यानं जाडी तपासतात आणि कात्री घेतात. पुढं काय छापलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. काकूंनी एकदा सख्ख्या भाचीच्या लग्नाची तारीख विचारली तर म्हणाले, "डाव्या मडगार्डात गेली." लग्न झाल्याचं घरी लाडू आल्यावर कळलं.

अशा माणसानं जन्मात एकदाच तोंड सोडलं होतं. आबांच्या तेराव्याला माझे सासरे अण्णा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, सहज म्हणून गेले, "ती गाडी भंगारात देऊन टाकू." काकांनी भावकीसमोर एका दमात सगळं सुनावलं आणि "आता तुमच्या दारात येईन तर आबांच्याच गाडीतून" असं म्हणून निघून आले. अण्णा कळंबला, काका बेंबळीला. नऊ वर्षं दोघांत शब्द नाही. मी दोन्हीकडं जायचो. दोन्हीकडं मला आधी "तिकडं कसं हाय?" असं विचारायचे आणि मी तोंड उघडताच विषय बदलायचे.

माझ्या मेहुण्याचं लग्न ठरलं तेव्हा घरात काकांचं नाव काढायची सोय नव्हती. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी मी बेंबळीला गेलो. गाडीचं एकच काम उरलं होतं, डाव्या मागच्या दाराखालची पट्टी. काका तिचं माप लावून बघत होते. माप मेहुण्याच्याच पत्रिकेतून कापलेलं होतं, आणि तिच्या छापील बाजूला निळ्या पेनानं लिहिलेलं होतं. अक्षर सासऱ्यांचं. 'धाकट्या, आबांची गाडी घेऊन ये. वाट बघतो.'

"काका, हे वाचलंत का?"

"त्यात काय वाचायचं? जाड हाय."

मी माप उलटं करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"लगीन कधी हाय?" तारीख कात्रीत गेली होती.

"रविवारी."

त्या पट्टीला त्यांच्या रीतीनं दोन महिने तरी लागले असते. शनिवारी दुपारी त्यांनी काळी काच खाली ओढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी एका दमात जोडली. पत्रा तापला आणि दाराची चौकट घेऊन वाकला. दार लागेना. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

रविवारी कळंबच्या मंगल कार्यालयापुढं आबांची गाडी आली ती मागचं दार सुतळीनं बांधून. अण्णा फेटा सावरत बाहेर आले, गाडीला एक चक्कर मारली, टपावर हात फिरवला.

"ह्ये दार का लागंना रं?"

"घाई केली," काका म्हणाले.

अण्णांनी सुतळी सोडली, मागं बसले आणि दार हातानं ओढून धरलं. "चल," म्हणाले. नवरदेवाचा बाप अर्धा तास कुठं गायब होता, हे व्याह्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याला काका कळंबला येतात आणि दोघं फिरून येतात. अण्णा मागं, दार धरून. पट्टी बदला म्हटलं की काका म्हणायचे, "बदलू की. घाई न्हाय."

अण्णा आता फार थकलेत. परवा वळणावर त्यांच्या हातातून दार सुटलं. काल सकाळी काकांचा फोन आला, "जावईबापू, घरात एखादी पत्रिका हाय का?" आणि बंद. पाच मिनिटांत पुन्हा वाजला. "जाड बघा."

इतक्या लवकर त्यांचा दुसरा फोन कधीच आलेला नाही. मी कपाट उघडून बसलोय.