आमसुलांचे डाग

आज जुनी गोधडी उन्हात टाकताना तिच्यावरचे आमसुलांचे डाग दिसले. अलिबागच्या बाजारामागच्या आळीत मी माडी भाड्याने घेतली होती. तिथेच बिऱ्हाड, तिथेच शिलाई मशीन. दुपारी सगळी आळी झोपायची, पण एके दिवशी लग्नाचे ब्लाऊज संध्याकाळी द्यायचे म्हणून मी शिवतच होते. मशीनच्या धडधडीने खालच्यांच्या डोक्यावरची लाकडी तक्तपोशी नुसती हादरत होती. खालच्या मालकीण काकू गुडघे धरत जिना चढून आल्या. आता खोली सोडावी लागणार, म्हणून मी घाबरून उभीच राहिले. काकूंनी काखेतली, आमसुलं वाळत घालायची गोधडी चौघडी करून मशीनच्या पायांखाली सारली. "हं, आता शिव गं. आम्ही झोपतो." आता माझं दुकान हमरस्त्यावर आहे, खाली कुणीच झोपत नाही. तरी ऊन उतरलं की गोधडी परत मशीनखालीच जाईल.