आप्पांचा शर्ट

"तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?" मी आक्कांना तिसऱ्यांदा विचारलं. मागं गोठ्यात म्हैस रेकत होती. त्यामुळे ऐकू गेलं नसावं, असं समजून मी पुन्हा जरा मोठ्यानं विचारलं.

मी बेळगावात समाजकार्य शिकतो. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. आम्हाला फील्डवर्क असतं, म्हणजे गावात जाऊन लोकांना मदत करायला शिकणं. उचगावच्या आक्कांचे मालक, आप्पा, आदल्या दिवशी अचानक गेले होते. मॅडमनी बजावलं होतं, ओपन-एंडेड प्रश्न विचार. म्हणजे ज्याचं उत्तर नुसतं हो-नाही असं देता येत नाही.

शेवटी आक्काच म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ दे रं बाळ. तिचं बघ की. कुणालाच जवळ येऊ देईना."

म्हशीला आप्पांशिवाय कुणाचा हात चालत नव्हता. दिरांना तिनं लाथ घातली होती. दूध तसंच राहिलं तर कास सुजते, जनावर हातचं जातं. आणि आक्कांना आता आधार तेवढाच होता.

हे मला न कळण्यासारखं नव्हतं. निपाणीजवळ आमच्याही घरी म्हशी आहेत. पण अंगाला शेणाचा वास नको म्हणून मी मित्राचा सेंट मारून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. धार काढणं आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं. मी आणखी एक ओपन-एंडेड प्रश्न शोधत बसलो.

म्हैस पुन्हा रेकली. बाबा दवाखान्यात होते तेव्हा आई त्यांचा शर्ट घालून धार काढायची, ते आठवलं.

"आक्का," मी चाचरत म्हणालो, "आप्पांचा न धुतलेला शर्ट हाय का?"

गोठ्यातल्या खुंटीवर एक होता. आक्कांनी तो काढला, थोडा वेळ हातातच धरला. मग म्हणाल्या, "घाल. फाडू नको तेवढा."

सेंट धुऊन मी शर्ट घातला. म्हशीनं हुंगलं, माझ्या पायावर पाय दिला, आणि मग पान्हा सोडला. दूध कासेत उतरलं. चरवीत पहिली धार वाजली तशा आक्का उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या. मग आप्पांबद्दल बोलत राहिल्या. माझं डोकं म्हशीच्या कुशीला टेकलेलं, हात गुंतलेले. त्यामुळे मला मध्ये एकही प्रश्न विचारता आला नाही.

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा आक्का तोच शर्ट साडीवर घालून स्वतः धार काढत होत्या.

"त्या बोलत्या कशा झाल्या?" माझा रिपोर्ट वाचून मॅडमनी कॉलेजात विचारलं.

"मी काही विचारलं नाही, मॅडम."

मॅडमनी वर्गात त्याला मौनाचं तंत्र म्हणून माझं कौतुक केलं. मी लंगडत उठून थँक्यू म्हणालो.

फील्डवर्कला जाताना हल्ली मी सेंट मारत नाही.