अवधूतरावांचा कोपरा

सुहासिनी गुप्ते मिल्टन कीन्सला राहायला आल्या त्या नवऱ्याच्या विसरण्यामुळे. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं दोघं अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका लहान गावात होते. अवधूतराव तिथे इंजिनिअर होते. पुढे ते स्वतःच्याच घराचा रस्ता चुकायला लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये नोकरी करणारी एकुलती एक मुलगी अक्षया त्यांना आपल्याकडे घेऊन आली.

नागरिकत्व मात्र दोघांचं अमेरिकेचंच राहिलं. अवधूतरावांना त्या देशातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर ते कॉकस. पक्षाने अध्यक्षपदाला कोणाला उभं करायचं, हे ठरवण्याची सुरुवात त्यांच्या राज्यातून व्हायची, आणि तिथे चिठ्ठी टाकून भागत नसे. जानेवारीच्या थंडीत गावातले लोक शाळेच्या जिममध्ये जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरासुद्धा माणसं नसतील, तो मोडायचा. तिथल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसऱ्यांना आपल्याकडे ओढून आणायचं.

२००४ साली अवधूतरावांचा कोपरा थोडक्यात कमी पडला. ते जिमभर फिरले आणि शेवटी बायकोसमोर येऊन थांबले. त्या दुसऱ्याच उमेदवाराच्या बाजूला होत्या.

"ये ना इकडे," ते म्हणाले. "एका माणसानं फरक पडतोय."

"नाही हो. मला तुमचा माणूस पटत नाही."

कोपरा मोडला.  घरी जाताना गाडीत ते म्हणाले, "आली असतीस तर बरं वाटलं असतं. पण मग मी वाद कोणाशी घातला असता?"

२००८च्या फेब्रुवारीत, परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांसाठी पक्षाने लंडनमध्ये मतदान ठेवलं. हे कॉकस नव्हतं, प्रायमरी होती, म्हणजे उमेदवार निवडायचं साधं गुप्त मतदान. सुहासिनीबाईंनी नवऱ्याला घेऊन जायचं ठरवलं.

"आई, बाबाला नको नेऊ," अक्षया म्हणाली. तिचं मराठी अमेरिकेतच घडलेलं. "तिकडे खूप मोठा गर्दी असेल. तो कन्फ्यूज होईल."

"घरात बसून तरी काय होतंय? तिथे कदाचित काही आठवेल त्यांना."

लंडनच्या युस्टन स्टेशनपर्यंत ट्रेनमध्ये ते शांत होते. हॉलमध्ये रांग होती, टेबलं होती, पेटी होती. पासपोर्ट दाखवायचा, कागदावर खूण करायची, कागद पेटीत टाकायचा. अवधूतरावांनी आपला कागद उलटसुलट करून पाहिला.

"कोपरे कुठे आहेत?"

"इथे कोपरे नसतात. फक्त खूण करायची."

"माझ्या माणसाचं नावच नाही यात."

ते खरंच होतं. त्यांचा माणूस या वेळी उभाच नव्हता.

नवऱ्याच्या वतीने आपण खूण केली तर चालेल का, हे विचारायला सुहासिनीबाई टेबलापाशी गेल्या. तिथला बिल्ला लावलेला वयस्कर अमेरिकन हळू आवाजात म्हणाला, "कोणाला द्यायचं ते त्यांनी स्वतः सांगायला हवं. तुम्हाला ठरवता येणार नाही."

त्या वळल्या, तर अवधूतराव खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभे होते. हात वर करून, चार वर्षांपूर्वीच्या त्या उमेदवाराचं नाव घेऊन लोकांना बोलावत होते. काही जण हसले. एकाने फोन काढून फोटो घेतला. सुहासिनीबाई घाईघाईने जवळ गेल्या.

"मॅडम," ते अदबीने इंग्रजीत म्हणाले, "तुमचं काही ठरलंय का? आम्हाला थोडेच लोक कमी पडताहेत."

त्यांनी आपल्याला ओळखलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.  सुहासिनीबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. अवधूतरावांनी हात मिळवून आभार मानले आणि पुन्हा दाराकडे बघू लागले. आणखी कोणी आलं नाही. रांग सरकत राहिली.

हॉल रिकामा व्हायला लागला, तेव्हा सुहासिनीबाईंनी हातातल्या कागदावर खूण केली. "आलेच मी," म्हणून पेटीपर्यंत गेल्या आणि आपलं मत टाकून आल्या. अवधूतरावांचा चेहरा उतरला होता.

"तुम्हीही गेलात," ते म्हणाले.

परतीच्या ट्रेनमध्ये ते समोरच्या सीटवर अंग चोरून बसले. स्टेशनवर अक्षया गाडी घेऊन आली होती. तिने आईकडे बघितलं आणि बाबांसाठी गाडीचं दार उघडलं.

उन्हाळ्यात अवधूतरावांना केअर होममध्ये ठेवावं लागलं. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला त्या सकाळी सुहासिनीबाई बसने तिकडे गेल्या. फेब्रुवारीत त्यांनी ज्याला मत दिलं होतं, तोच अध्यक्ष होणार होता. त्यांनी नवऱ्याला सगळं सावकाश सांगितलं. पाहुण्याचं ऐकावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

"तुम्ही फार लांबून आलात का?"

"नाही. इथेच राहते मी."

"मग येत जा अधूनमधून."

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. तोवर सुहासिनीबाई जवळजवळ रोज जात राहिल्या. निवडणुकीचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.