अर्धा सूर खाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापाशी तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. ऐका फक्त.

यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात आम्ही दोघं आळीपाळीनं बेस गिटार वाजवायचो. रफीकभाई आणि मी. भाई लोहाऱ्यात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे. बेस धरायचा कसा, हेसुद्धा मला त्यांनीच शिकवलं. पुढे मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून वाजवायला लागलो. हात सुधारला. डोक्यात हवाही गेली — जरा जास्तच.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कापूस गेला, लोक लग्नं घरच्या घरी उरकू लागले, आमचे कार्यक्रम रद्द व्हायला लागले. मालक म्हणाले, यापुढे बेसवाला एकच ठेवीन. पांढरकवड्याच्या लग्नात रफीकभाईंचं ऐकतो, मग ठरवतो. त्या नवरदेवाला एक अगदी नवं गाणं हवं होतं. त्याची सुरुवात एकट्या बेसनं होते.

रफीकभाईंकडे साधा फोन. ते गिटार घेऊन माझ्याकडे आले. मी व्हिडिओ लावला. शिकवणारा इंग्रजीत बोलत होता.

"हा काय सांगून राह्यला रे?" त्यांनी विचारलं.

तो सांगत होता — आधी चारही तारा अर्धा सूर खाली उतरवा, मगच वाजवा. मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

"काही नाही भाई, आपलं नाव सांगून राह्यला."

मोबाइलच्या स्पीकरवर बेस धड ऐकूच येत नाही. त्यांनी नुसती बोटं पाहून सगळं पाठ केलं. मी त्यांना चहा केला — हो, चहासुद्धा केला!

एकत्र तालीम झालीच नाही. लग्नात मी साउंडवाल्याजवळ उभा होतो. भाई एकटे वाजवत होते तोवर सगळं झकास. मग कीबोर्ड आला, गायिका आली, आणि सूर फाटला — भाईंचा बेस सगळ्यांपेक्षा अर्धा सूर वर. वऱ्हाडी हसले. भाईंनी लगेच सावरलं, पण चेहरा उतरला तो उतरलाच. गाडीत बसताना म्हणाले, "माहे कान गेले रे. आता तूच वाजव."

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी वाजवायला लागलो. आजही लाज वाटते, पण तेव्हा — खरं सांगतो — आनंद झाला होता.

दोनेक वर्षांनी त्यांनी नागपूरला कान तपासून घेतले आणि तिथून थेट माझ्याकडे आले. "डॉक्टर म्हणते, कान चांगले हायेत. मंग त्या दिवशी कायले चुकलो मी? तू होता ना तिथं. सांग."

ऑर्केस्ट्रा तोवर बंद पडला होता. खोटं बोलून मला काहीच मिळणार नव्हतं. तरी मी म्हणालो, "वय झालं ना भाई."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं. तू तरी खरं सांगतलं."