न मोजलेला पीळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही, फ्रिजमधलं श्रीखंड किती चमचे कमी झालं हेसुद्धा तिला कळतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. कदाचित तुम्ही इथे, कॅनडात विनिपेगमध्ये, राहत नसाल म्हणून. कदाचित ही भीती आता एकट्याला पेलवत नाही म्हणून. फोन वाजला आणि त्यावर डॉक्टरांचं नाव दिसलं, की आजही मी तो तीन-चारदा वाजू देतो, मगच उचलतो. सहा वर्षं झाली.

आधी मी कोण ते सांगायला हवं. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासनीस होतो. माझं काम एकच — मोजणं. केसाच्या जाडीचा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा. आमच्या मराठी मंडळींत मला चिडवायचे, श्रीधर पोळीसुद्धा मायक्रोमीटर लावून खातो म्हणून. मी वरवर रागवायचो. खरं तर मला ते फार आवडायचं.

डॉक्टर म्हणजे खोत डॉक्टर, दातांचे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. मी या गावात आलो तेव्हा अंगावर धड जॅकेट नव्हतं. त्यांनी स्वतःचं दिलं होतं. शिकारीचा नादही त्यांनीच लावला. त्यांच्या पत्नी नलूवहिनी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणाऱ्या, त्यामुळे हरणाच्या मांसाचा फ्रीझर गॅरेजमध्ये हद्दपार. एका म्हाताऱ्या शेतकरी पेशंटने शेती विकताना डॉक्टरांना आपली जुनी रायफल दिली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव. त्या रायफलीसाठी काडतुसं भरून दे, असं ते मला म्हणाले.

मी बेसमेंटमध्ये काडतुसं स्वतः भरतो. त्यात सगळं जुळवण्याला महत्त्व असतं. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. गोळी त्यातून गरगरत बाहेर पडते, आणि गरगरते म्हणून सरळ जाते, भोवऱ्यासारखी. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. सैल पिळाच्या नळीतून लांब गोळी मारली तर ती डुलायला लागते, आडवी होते, मग कुठेही जाते. आणि पीळ मोजायला काय लागतं? सळईला घट्ट चिंधी गुंडाळायची, नळीत सरकवायची, आणि सळई एक पूर्ण फेरा किती इंचांत घेते ते बघायचं. पाच मिनिटांचं काम.

मी ते केलं नाही. रायफल आठवडाभर माझ्याकडे होती आणि मी ते केलं नाही. कॅटलॉगमध्ये त्या रायफलीच्या नावापुढे पीळ नऊ इंच लिहिलं होतं. नऊ म्हणजे घट्ट, लांब गोळीला उत्तम. याच नावाच्या सुरुवातीच्या रायफलींचा पीळ बाराचा, म्हणजे सैल, होता, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू का? नेमबाजांच्या क्लबात कुणीतरी बोललं होतं. मी ऐकलं होतं. पण मला सगळं येतं, अशा मस्तीत असलेला माणूस कशाला वाकून सळई घालतोय? भरलेल्या काडतुसांच्या डब्यावर मी सुबक अक्षरांत लिहिलं — पीळ ९, मोजला.

डॉक्टरांनी डबा हातात घेऊन विचारलंसुद्धा. ‘रॉड घालून चेक केलंस ना रे?’

‘म्हणजे काय,’ मी म्हणालो.

जुलैत नेमबाजीच्या रेंजवर सगळी भोकं गोल पडली, एकमेकांना चिकटून. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. पण कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, आणि जी गोळी उन्हाळ्यात जेमतेम सावरलेली असते ती तिथे कोलमडते. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही गेलो तेव्हा उणे सव्वीस होतं. हरीण ऐंशी पावलांवर उभं होतं, आडवं, निवांत. तिथून डॉक्टर चुकत नसत. पहिली गोळी कुठे गेली कळलंच नाही. दुसरीने त्याचा मागचा पाय मोडला. ते तीन पायांवर झाडीत गेलं.

आम्ही बर्फातल्या रक्तावरून निघालो. डॉक्टर पुढे होते, मी मागे. वाटेत एका पॉप्लरच्या झाडाच्या खोडावर मला गोळीचं भोक दिसलं. गोल नव्हतं. लांबट होतं, आडवी काडी रुतावी तसं. गोळी आडवी होऊन घुसली होती.

त्या क्षणी मला सगळं कळलं. डॉक्टर वळून परत येत होते, आणि मी — मी भोक झाकेल अशी त्या खोडाला पाठ टेकवून उभा राहिलो. ते माझ्या जवळून गेले. ‘दमलास का?’ त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. हरीण आम्हाला सापडलं नाही.

परत येताना ट्रकमध्ये त्यांनी हातमोजा काढला आणि उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘बाबांचंही असंच सुरू झालं होतं.’ त्यांचे वडील चित्रकलेचे मास्तर. साठीला आले आणि ब्रश थरथरायला लागला. कंपवात. शेवटी त्यांना घास भरवावा लागे. डॉक्टर तेव्हा साठी ओलांडून बासष्टीत होते, आणि रोज लोकांच्या तोंडात ड्रिल धरत होते.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित माफ कराल. चूक म्हणाल, भित्रेपणा म्हणाल. मीही सहा वर्षं एवढंच स्वतःला सांगत आलोय. पण जे सांगायचंय ते हे नाहीच.

पुढच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. दुपारची वेळ, वहिनी पोहे परतत होत्या. डॉक्टरांनी टेबलावर उजवा हात पुढे केला, बोटं ताणली, आणि त्यावर एक पेपर नॅपकिन ठेवला. ‘नलू म्हणते हलत नाही. ती तसंच म्हणणार. तू आयुष्यभर मोजलंयस. नीट बघ आणि सांग.’

मी वाकून पाहिलं. नॅपकिनची कोपऱ्यातली कड हवेत होती. थरथर असती तर तिथे दिसली असती. ती जराही हलत नव्हती. वहिनी झारा हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

हलत नाही म्हणालो असतो तर? डॉक्टर हुशार माणूस. हात नाही तर मग काय? रायफल? मग डबा काढला असता, सळई घातली असती, माझं अक्षर वाचलं असतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सरकलं, आणि मी घाबरलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

‘थोडासा,’ मी म्हणालो.

वहिनींनी गॅस बंद केला.

त्यांनी दोन महिन्यांत क्लिनिक विकलं. तपासण्या केल्या, स्पेशालिस्टला काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘अर्लीमध्ये सापडत नाहीच. पण श्रीधरला दिसलं ना.’ रायफल त्यांनी रीतसर कागद करून मला दिली, तूच जपशील म्हणून. मी ती घरी आणली आणि त्याच दिवशी सळई घातली. बारा इंच.

डॉक्टरांच्या मुलीला हॅलिफॅक्सला बाळ झालं तेव्हा दोघं गेले. वहिनींनी फोटो पाठवला. डॉक्टर सोफ्यावर, मांडीवर उशी, उशीवर नातू, आणि दोन्ही हात बाजूला. उभं राहून त्यांनी त्याला एकदाही उचलून घेतलं नाही, हे वहिनींनीच सांगितलं. मी तो फोटो पुसून टाकला.

तो डबा अजून बेसमेंटमध्ये आहे. त्यांच्या घरी जायच्या आधी मी कबुलीचं वाक्य जुळवतो, प्रत्येक वेळी. दारात बूट काढेपर्यंत ते तोंडात असतं.

गेल्या रविवारीही गेलो होतो. चहा झाला. डॉक्टरांनी नेहमीसारखा दोन्ही हातांनी कप उचलला, मग परत खाली ठेवला आणि हळूच, वहिनी आत गेल्यावर, हात पुढे केला.

‘वाढलंय का रे?’

मी बघितलं. ‘नाही,’ मी म्हणालो. ‘होतं तेवढंच आहे.’

त्यांच्या चेहऱ्यावर केवढं बरं वाटलेलं दिसलं. ‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले, आणि कप दोन्ही हातांत धरून चहा पिऊ लागले. चहावर सुरकुतीसुद्धा उठत नव्हती. माझी नजर अजून चांगली आहे.