खुर्च्यांच्या दुरुस्तीचं निमित्त

मिस्त्रींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसण्याची सोय केली. त्यांच्या स्वतःच्या खोलीत मात्र दोनच खुर्च्या, एक त्यांची आणि एक बायकोची. बायको लेकीकडे राहायला गेली ती चार दिवसांसाठी म्हणून. पुढे हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि तिच्या खुर्चीवर रोज संध्याकाळी बाटली बसायला लागली. समोर काहीतरी आहे, एवढाच काय तो दिलासा. लेक फोनवर इकडचं तिकडचं सगळं बोलायची, फक्त "आईला देते" असं कधी म्हणायची नाही.

हात थरथरायला लागले आणि करवत रेघ सोडून पळायला लागली, तेव्हा मात्र मिस्त्रींचं धाबं दणाणलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. तिथं जा. एकट्यानं नाही जमायचं हे."

एकट्यानं नाही जमायचं! मिस्त्रींना हसूच आलं. आता दुकटं आणायचं कुठून?

तरी गेले. जाताना हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, कारण रिकाम्या हातांनी कुणाच्या दारात उभं राहायची त्यांना सवयच नव्हती. दाराशी एक निवृत्त नर्सबाई चहाचे कप मांडत होत्या. "या. काय म्हणताय?" त्यांनी विचारलं. झालं! मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. वाटेत घोकलेलं वाक्य घशातच राहिलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"खुर्च्या दुरुस्त करायला आलोय."

कुणी बोलावलं होतं त्यांना? काळ्या कुत्र्यानंही नाही. नर्सबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग थरथरणाऱ्या बोटांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. निम्म्या खुर्च्या डुगडुगतात. त्या कोपऱ्यात बसा, तिथं उजेड चांगला आहे."

थाप पचली. दर गुरुवारी मिस्त्री यायचे आणि कोपऱ्यात एक खुर्ची उलटी करून बसायचे. एकेक खुर्ची इतक्या निगुतीनं करायचे की तेवढ्या वेळात दुसऱ्यानं कपाट उभं केलं असतं. मधे लोक गोल करून बोलायचे. एक बसचालक होता, तो पोराच्या मित्रांसमोर कसा आडवा पडला ते सांगायचा. एक शिवणकामवाली होती, ती कापडाच्या ताग्यात बाटली लपवायची. मिस्त्री हातोडी हवेतच धरून ऐकायचे, आणि कुणी रडायला लागलं की पॉलिश पेपर जरा जोरात घासायचे. त्या दिवसांत त्यांनी बाटलीला हात लावला नाही. एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत कसंबसं ढकलायचे.

चहा त्यांना कोपऱ्यातच मिळायचा. "तुमचं कसं चाललंय?" असं मात्र कुणी विचारायचं नाही, कारण मिस्त्री पडले कामाला आलेले. ही सोय त्यांनीच करून घेतली होती, आणि आता तिचंच त्यांना फार वाईट वाटायचं.

पण खुर्च्या त्या, संपणारच. एका गुरुवारी शेवटचीही ताठ उभी राहिली. आता कोणत्या तोंडानं यायचं? पुढच्या गुरुवारी मिस्त्री गेले नाहीत. बायकोच्या खुर्चीवर पुन्हा बाटली बसली. ते प्याले आणि ढसाढसा रडले. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे पॉलिश पेपर घासायचीही गरज पडली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी "काम टिकलंय ना, एवढंच बघतो" असं दारातच जाहीर करून ते आत शिरले.

"बरं झालं आलात," नर्सबाई म्हणाल्या. "खिडकीजवळची पुन्हा डुगडुगायला लागलीय."

"माझं काम? शक्यच नाही!" मिस्त्रींचं डोकंच फिरलं. त्यांनी तरातरा जाऊन खुर्ची उलटी केली. मागच्या पायाचा स्क्रू चांगला अर्धा बाहेर आलेला. पण आपोआप सैल झालेला स्क्रू असा दिसत नाही. याच्या खाचेवर ताजे, चकचकीत ओरखडे होते. कुणीतरी तो मुद्दाम फिरवला होता, आणि तोही स्क्रू ड्रायव्हरनं नाही, हाताला लागेल त्यानं.

"कुणी केला हा उद्योग?"

बसचालक छताकडे बघायला लागला. शिवणकामवालीनं ओठ दाबून हसू आवरलं. नर्सबाई निवांत चहा ढवळत होत्या, आणि त्यांच्या हातातल्या चमच्याच्या दांड्याचं टोक पार वाकडं झालं होतं.

मिस्त्री चमच्याकडे बघतच राहिले. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं, अगदी पहिल्या दिवसापासून.

"गेल्या वेळी तुमचा चहा ओतून ठेवला होता," नर्सबाई म्हणाल्या. "गार झाला."

आपण एका ठिकाणी गेलो नाही आणि ते कुणाच्या तरी लक्षात आलं, असं मिस्त्रींच्या बाबतीत कैक महिन्यांत घडलं नव्हतं. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली, तीच खुर्ची सरळ केली आणि मधल्या गोलात ओढली.

"अहो, ती नको, पडाल!" बसचालक म्हणाला.

"राहू द्या." मिस्त्री बसले. "खुर्च्यांचं मी खोटं सांगितलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी... मीही तुमच्यातलाच. गेल्या गुरुवारी पुन्हा प्यालो."

प्रत्येक वाक्याला डुगडुगती खुर्ची फरशीवर टकटक वाजत होती. ती दुरुस्त करा, असं कुणीही म्हटलं नाही.