सरळ नाकासाठी नागपूर

वर्धा मागे पडलं तसे हे पुन्हा म्हणाले, "अजून विचार कर. पुढच्या स्टेशनात उतरून परत फिरू."

"तिकिटं नागपूरची काढलीत ना? मग गप्प बसा," मी म्हटलं.

लहानपणी झोक्यावरून पडले, तेव्हापासून माझं नाक डावीकडे वळलेलं. नथ घातली की सगळा चेहराच कललेला दिसे. नागपुरात लढाईवरून परतलेले एक सर्जन अशी नाकं सरळ करतात, असं माझ्या आतेबहिणीनं, यमूताईनं कळवलं आणि आम्ही साताऱ्याहून निघालो.

टांगा सीताबर्डीच्या किल्ल्याखालून, संत्र्यांच्या डालग्यांमधून वाट काढत महाल भागात यमूताईच्या घरी आला. यमूताईच्या सासूबाईंनी दारातच माझी हनुवटी धरली.

"काहून वं, चांगलं तर आहे नाक! याले कापाले एवढ्या दूर आली?"

यांना भलताच आधार वाटला. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "सांबारवडी घ्या." सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) ऐकून हे आमटीची वाट पाहत बसले. वडी निवून गेली.

दुसऱ्या दिवशी सर्जननं नाक चाचपलं. "पुष्कळ सरळ होईल, पण अगदी दोरी धरल्यासारखं नाही. चालेल?"

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलू लागले, "डॉक्टर, मला विचाराल तर..."

"नाक त्यांचं आहे," डॉक्टर म्हणाले.

मी मान हलवली.

इंजेक्शननं नाक बधिर झालं, कान मात्र शाबूत होते. छिन्नीची टकटक थेट कवटीत वाजत होती. मी देवाचं नाव घेत होते, तेवढ्यात दाराबाहेर धप्पकन आवाज झाला. नर्स डोकावून आली.

"बाई, तुमच्या मालकाले चक्कर आली!"

मला हसू फुटलं.

"हसू नका!" डॉक्टर ओरडले.

नंतरचे दिवस तोंडानं श्वास घेण्यात गेले. हे संत्र्याच्या फोडी सोलून भरवत, मला चव कळत नसे. पट्टी निघाली तेव्हा मी आरसा हातात घेतला. नाक किंचित कललेलं होतंच, पण चेहरा मध्यावर आला होता. मी रडले. सासूबाईंनी नथ घालायला लावली आणि म्हणाल्या, "छान दिसून राहिली. पहिलेही छानच दिसे."

परतीच्या गाडीत हे एकटक माझ्याकडे पाहत होते.

"काय पाहताय?"

"सवय करतोय," ते म्हणाले.

इतकी वर्षं मला वाटायचं, हे माझ्या नाकाकडे काणाडोळा करतात. त्यांनी तर ते पाठ केलं होतं. मला एकदम लाज वाटली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण थोडंसंच. त्यांना नीट दिसेल इतपत.